दोन सांजांचं अक्षर

करिश्माला जपानी चित्राक्षरं पाठ करायला बांधीसारखी दुसरी जागा नव्हती. चिमूरजवळच्या त्यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी चालली होती. पाण्यात आभाळ उतरलेलं, आणि त्या आभाळातच ती मागं मागं सरकत पऱ्हे, म्हणजे वाफ्यातून उपटून आणलेली धानाची रोपं, रोवत होती. चालणं, वळणं, ओलांडणं, बदलणं... हालचालीची अक्षरं एकेक करून डोळ्यांपुढून जायची. बांधावरचे बगळेसुद्धा तिला अक्षरंच वाटायला लागले होते. पोरीचं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय!

त्याला कारणही होतं. नर्सिंग झालेल्या करिश्माला जपानमधल्या एका वृद्धाश्रमानं पाच वर्षांसाठी बोलावलं होतं. पत्र परवा फोनवर आलं, आणि उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. बाप गेल्यापासून घरात ती आणि आई, सत्यशीला, दोघीच. पोरगी हौसेनं जपानी शिकते, एवढंच आईला ठाऊक. पत्राचं सांगायला करिश्माची जीभ रेटत नव्हती.

"काय पुटपुटून राह्यली वं?" आईनं वाकूनच विचारलं.

"अक्षर हाये आई. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं." करिश्मानं बांधावरच्या ओल्या मातीत बोटानं काढून दाखवलं. "इकडं धानाचं रोप. अन् तिकडं एकाखाली एक, दोन सांजा."

सत्यशीला कंबर धरून उभी राहिली. तिनं ते अक्षर नीट पाहिलं.

"लिवणाऱ्यानं रोवणी केली असंन," ती म्हणाली. "उपटलेले पऱ्हे दोन सांजा दम धरतेत. तिसरीले सडतेत." मग तिनं लेकीकडं पाहिलं. "परवापासून तुही रांग वाकडी जाऊन राह्यली. जेवण नाई, बोलणं नाई. तू कवाची उपटून पडली हायेस?"

करिश्माला रडूच फुटलं. चिखलाच्या हातांनी डोळे पुसत तिनं सगळं सांगून टाकलं.

"पाच वर्षं," आई म्हणाली. "मले लय वाईट वाटंन, खोटं काऊन बोलू? पऱ्हे बी रोवल्यावर चार दिस पिवळे पडतेत. मंग मुळं धरतेत. जा, हात धू."

करिश्मानं हात धुतले, डब्याशेजारी ठेवलेला फोन उचलला आणि होकार लिहिला. पाठवायचं बटन दाबलं.

मागं वळून पाहिलं, तर आई स्वतःच्या रांगेबरोबर तिची राहिलेली रांगही रोवत मागं सरकत होती.