धुरपदाबाईचं तीर्थ

आमच्या सासूबाईंच्या घामाला गाव तीर्थ म्हणायला लागलं, तेव्हा हसावं की रडावं तेच मला कळेना.

श्रावणातला कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा, रविवार होता. ओट्यावर, अंगणात, गोठ्यापर्यंत माणसंच माणसं. मधोमध पाटावर सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई. डोळे अर्धे मिटलेले, अंग जराही हलत नव्हतं, पण कपाळावरून घाम नुसता निथळत होता. नवीन, म्हणजे आमचे यजमान, हनुवटीखाली वाटी धरून उभे. शेजारच्या मंजुळाबाई रुमाल विसरल्या होत्या, म्हणून त्यांनी नवऱ्याची टोपी पुढे केली होती.

"बघा," निश्चलबाबा म्हणाले, "कंप गेला. तो विकार होता. उरलं ते शुद्ध तीर्थ. ब्रह्मांडाची ऊर्जा टाळूतून आत येते आणि कपाळावाटे प्रसाद होऊन झरते. यामागे शास्त्र आहे."

"बठ्ठासले भेटी, ढकलू नका," सगळ्यांना मिळेल, असं नवीन गर्दीला समजावत होते. शिकलेला माणूस, पण आईचं नाव निघालं की अक्कल खुंटीला टांगतो.

खरी गोष्ट अशी. सासूबाईंना साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सुई कधी चुकवायच्या नाहीत, आणि देवाला सांगितलंय म्हणून उपासही चुकवायच्या नाहीत. सुई पोटात आणि अन्न मात्र चुलीवर, मग साखर खाली येणार नाही तर काय? हात थरथरायचे, छाती धडधडायची. गाव म्हणायचं, कानबाई अंगात आली. मग लोक पाया पडायचे, प्रश्न विचारायचे, शेवटी नैवेद्याचा शिरा यायचा. तो खाल्ला की देवी निघून जायची. देवी दरवेळी शिरा खाऊनच कशी जाते, असं मी एकदा विचारलं. सासरे, जीवरामनाना, मला म्हणाले, "तुन्हा बी.एस्सी.मा देवना विषय व्हता का?"

त्यात यंदा धुळ्याकडून हे निश्चलबाबा उगवले. पाळण्यातलं नाव झुलाल, आधीची नोकरी औषधाच्या दुकानात. म्हणाले, देवी थरथरते कारण तिला बसायला जागा नाही, मी आसन देतो. रोज सकाळी पाण्यातून 'आसनचूर्ण' सुरू झालं आणि थरथर खरंच थांबली. मग काय, बाबांच्या पायाशी नारळांचा ढीग.

मला मात्र धाकधूक वाटायला लागली. माझी सासू काही गरीब गाय नाही, माझ्या भाकरीला रोज नावं ठेवते. पण माझ्या बाळंतपणात उशाशी बसून जागली तीच. ती मला हवी होती, देवी म्हणून नाही, सासू म्हणून. म्हणून जेवणाचं निमित्त काढून माझी शाळेतली मैत्रीण कहकशा, पाचोऱ्याची डॉक्टर, हिला मी बोलावून घेतलं होतं.

कहकशा गर्दीतून वाट काढत आली, सासूबाईंचं मनगट धरलं आणि बोटाला सुई टोचून यंत्र लावलं.

"साखर चाळीस," ती म्हणाली. "डिंपल, साखरेचं पाणी आण. घट्ट कर."

"खबरदार," बाबा आडवे आले. "नैवेद्याआधी देवीच्या मुखात काही घालाल तर या घरात दिवा लावायला कोणी उरणार नाही."

नाना माझ्याकडे बघेनात, नवीन वाटीकडे बघत राहिले.

"अक्का, ऐकू येतंय का? गिळता येईल?" कहकशाने विचारलं. सासूबाईंनी मान जेमतेम हलवली. "अजून गिळतायत, तोवर द्या. बेशुद्ध झाल्या की तोंडात काही घालता येणार नाही, आणि त्याला फार वेळ नाही."

मी कोणाला विचारलं नाही. सरळ चुलीकडे गेले, तांब्यात साखर ढवळली आणि देवीसमोर, गावासमोर, सासूच्या तोंडाला भांडं लावलं. एक भांडं संपलं, पण फरक नाही. दुसरं दिलं. कहकशा पुन्हा पुन्हा साखर बघत होती. शेवटी सासूबाईंनी डोळे उघडले, आधी मला बघितलं, मग वाटी.

"डिंपल, निवदना आधी मना तोंडमा काय टाकं तू?"

मला रडूच फुटलं. शिव्या खाताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

कहकशाने पाटाशेजारी पडलेली बाबांच्या चूर्णाची पुडी उघडली. त्यात नीट न कुटलेला गोळीचा तुकडा होता, मधली रेघसुद्धा शाबूत.

"नाडी बघूनच मला शंका आली होती," ती सगळ्यांना म्हणाली. "साखर एवढी घसरली की शरीर ॲड्रेनॅलिन नावाचं संप्रेरक सोडतं. तेच हात थरथरवतं, छाती धडधडवतं आणि यकृताला सांगतं, साठवलेली साखर बाहेर काढ. अक्कांची नाडी मात्र दुपारी झोपलेल्या माणसासारखी. छातीची धडधड कमी करायला देतात ती प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी ॲड्रेनॅलिनचा हा निरोप अडवते. थरथर गेली, पण घसरलेली साखर तिथेच, उलट वर यायलाही उशीर. घामाचा निरोप वेगळ्या वाटेने जातो, म्हणून तेवढा राहिला. तुम्ही टोपीत धरत होता ती अक्कांची शेवटची हाक होती."

मंजुळाबाईंनी टोपी हळूच नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

"गोळी वाईट नाही," कहकशा पुढे म्हणाली. "कित्येकांना ती लागते, त्यांनी मनानं बंद करू नये. पण कोणाला, किती, ते तपासून ठरवायचं असतं. बाबा, तुमचे हात थरथरतायत. चूर्ण घेता का थोडं?"

बाबा मागच्या दाराकडे सरकले. तिथे पोलीसपाटील उभे होते.

नानांनी नैवेद्याचं ताट उचललं. आरती अजून व्हायची होती. ते ताट त्यांनी बायकोपुढे ठेवलं.

"आते बठ्ठा आयका," ते म्हणाले. "आपला घरमा सुई लेनारनं ताट पहिले, मंग देवीनं. माय रागवाव नही. मायले पोरेसनी भूक समजस."

सासूबाई जेवल्या, मग आरती झाली.

तुमच्याही घरात कोणी सुई घेत असेल. उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्या माणसाला कारण नसताना दरदरून घाम फुटला, तर वाटी शोधू नका, साखर शोधा.