माझ्या नावातला 'र'

मी एक जुनी लाकडी सूंस आहे. सुसर नव्हे, सूंस! माझ्या डोक्यावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचू नका, मित्रांनो. ती पाटी खोटी आहे आणि तिच्यामुळेच माझं डोकं फिरलंय.

आमच्या कृष्णाकाठच्या गावातले लालासाहेब गलाईच्या धंद्यात होते. सोनं-चांदी गाळायला ते भागलपूरला गेले आणि तीस वर्षं तिथंच राहिले. रोज सकाळी गंगेच्या घाटावर त्यांना खऱ्या सूंस दिसत. गोड्या पाण्यातले हे डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतात, तेव्हा 'सूंऽस' असा आवाज होतो. तेच त्यांचं नाव. एके दिवशी लालासाहेबांना जाळ्यात गुरफटलेली एक मादी दिसली. तिला वर येता आलं नाही. पाण्यातला जीव पाण्यातच गुदमरून मेला. दोन-तीन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू देणारी जात ही! लालासाहेबांना ते विसरता येईना.

गावी परतल्यावर त्यांनी मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्या कारागिराकडून मला घडवून घेतलं. चिमट्यासारखी लांब चोच, रुंद पर आणि डोळे म्हणजे टाचणीची दोन भोकं. कारागीर डोळे मोठे करायला निघाला होता, लालासाहेबांनी त्याला थांबवलं. कारण आम्हाला जवळजवळ दिसतच नाही. गढूळ पाण्यात आम्ही टकटक आवाज करतो आणि परत येणाऱ्या आवाजावरून मासा ओळखतो. कुशीवर पोहत एका परानं तळ चाचपतो.

मग मला गावच्या शाळेला भेट दिलं. शाळेच्या व्हरांड्यात माझं केवढं कौतुक झालं! लालासाहेब दर शनिवारी येत. मुलं डोळे मिटून टाळ्या वाजवत आणि भिंत किती लांब आहे ते आवाजावरून ओळखत. पुढे लालासाहेबांचे गुडघे गेले आणि ते यायचे थांबले.

नवे मुख्याध्यापक सुमंत गुरुजी शुद्धलेखनाचे फार कडक. तपासणीला पाहुणे येणार म्हणून त्यांनी पाटी 'दुरुस्त' केली. उकार ऱ्हस्व केला, अनुस्वार पुसला आणि शेवटी 'र' चिकटवला. वर मला लिंबाएवढे तांबडे डोळे रंगवले! तेव्हापासून मुलं मला दगड मारतात. माझा डावा पर तुटला. परीक्षेत 'भारताचा राष्ट्रीय जलचर कोणता?' याचं खरं उत्तर आम्ही, सूंस; पण अख्ख्या वर्गानं 'सुसर' लिहिलं आणि गुरुजींनी बरोबरची खूण केली!

हे कानावर गेलं तसे परवा लालासाहेब काठी टेकत आले.

"आवं गुरुजी, ही सुसर न्हाई. सूंस हाय, सूंस!"

"लालासाहेब, असा शब्दच नाही. आणि सुसर मला ठाऊक नाही का? आपल्या नदीतच आहेत."

"हायत की. पर ही गंगंची हाय. हिला दिसत न्हाई. तुमी हिला डोळं दिलं आन् नाव काडून घेतलं. पोरं उद्या हिला वाचवतील, का दगडं मारतील?"

गुरुजी घड्याळ बघत वर्गात निघून गेले. लालासाहेबांनी खिशातल्या चाकूनं माझे दोन्ही डोळे खरवडून काढले. पाटी उंच होती, तिथवर त्यांचा हात पोचला नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, हार नको. मी लाकूड आहे, मला दगड लागले तरी चालतील. पण तिकडे गंगेत थोड्याच उरलेल्या माझ्या बहिणी अजून श्वासासाठी वर येतायत. त्यांना नावानं ओळखणारं कुणीतरी हवं. तुमचा हात पोचतो. स्टूल घ्या, वर चढा, तो 'र' खरवडून काढा. उकार दीर्घ करा, अनुस्वार द्या. आणि गुरुजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं माझं नाव वाचा.