काळं दिसत नाही

“बाई, हा झगा तुम्ही धुता तरी का कधी?”

खरं तर हा प्रश्न इरोहाच्या मैत्रिणींचा. “विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं,” अशी पैज सायाने लावली होती, आणि पैजेला इरोहा मागे हटणारी नव्हे! भर संगीताच्या तासाला तिने विचारून टाकलं. मागे खसखस पिकली.

शिओमी बाई पियानोवरून उठल्यासुद्धा नाहीत. “नाही धुत. धुतला की काळा विटतो, आणि विटलेला काळा दिसतो. घामाने भिजला की सावलीत वाळत घालते. का गं, वास येतो?”

“थोडासा.”

“मग नाटकात नाक धर.”

तोच मी. मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. त्याआधी मी याच शाळेच्या सभागृहाचा पडदा होतो. एका वादळात छप्पर गळलं आणि माझा अर्धा भाग कुजला. उरलेला शिओमी बाईंनी घरी नेला. तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. दोन लांब बाह्या, एक टोपी आणि तोंडावर काळ्या रंगवलेल्या मच्छरदाणीचा तुकडा, असा मी झालो. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं तोंड दिसत नाही.

आमच्या जपानात रंगमंचाची जुनी चाल आहे. काळे कपडे घातलेला माणूस सगळ्यांसमोर वावरतो, नटाच्या हातात पंखा देतो, काठीवरचा कागदी पक्षी उडवतो, आणि लोक त्याला बघूनही बघत नाहीत. “काळं दिसत नाही,” हे बाई प्रत्येक नव्या वर्गाकडून घोकून घेत.

नाटक नसेल तेव्हा मी संगीताच्या खोलीत खुंटीला असे. तिथून मला बाईंचं सगळं दिसे. गाणी त्याच रचत. एखाद्या मुलाचा आवाज फुटला की गाणं खालच्या पट्टीत आणत आणि वर म्हणत, “मलाच उंच झेपत नाही रे आता.” केस कापणाऱ्या बाईकडून विग मागून आणत, ते उंदरांनी कुरतडले की शिव्याही त्याच खात. प्रयोगाआधी जिच्या पोटात ढवळे, तिच्यापाशी बादली घेऊन बसत. माझ्या बाह्यांत सेफ्टीपिना, घशाच्या गोळ्या आणि सूर द्यायची छोटी शिट्टी असे. मला घालून मंचावर त्याच वावरत. फुलं मात्र नटांना.

माझं कौतुक एकदाच झालं. एक आजोबा जाता जाता म्हणाले, “यंदा तो पक्षी आपला आपणच उडत होता, नाही?” त्या दिवशी माझी घडी घालताना बाई गुणगुणत होत्या. मला काही वाटलं का? मी कापड. कापडाला वाटत नाही.

या वर्षीच्या नाटकात इरोहा दर्याराजाची मुलगी झाली. तिला एक गोष्ट जमता जमेना. राजकन्येने मागे न बघता बसायचं असतं; बुटकं स्टूल काळ्या झग्याने सरकवायचं असतं. इरोहा आधी हळूच हात मागे नेऊन चाचपायची.

“चाचपतेस काय? मासळीबाजारात आलीस?” बाई म्हणायच्या. “बस. स्टूल असेल.”

प्रयोगापर्यंत ती अशी ऐटीत बसू लागली, की साया म्हणाली, “बाई, ही आता वर्गातपण तशीच बसते!”

प्रयोगाच्या दिवशी तिच्या बाबांनी सायकलींचं दुकान बंद ठेवलं होतं आणि आईने पोस्टातून रजा घेतली होती. दोघं दुसऱ्या रांगेत होती.

मधल्या गाण्यात माझी डावी बाही जड झाली. आत हात होता, पण असून नसल्यासारखा. काठी सुटली आणि पक्षी खाली पडला.

“दमलास का रे, पाखरा?” इरोहाने प्रसंग सावरून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई तिच्यामागे गुडघ्यांवर बसल्या होत्या. मुख्याध्यापक पहिल्या रांगेतून थेट आमच्याकडे बघत होते. त्यांना काही दिसलं नाही.

मग इरोहा मागे न बघता बसली. स्टूल नव्हतं.

ती धाडकन पडली. हशा पिकला. तिने मागे वळून बघितलं.

“पुढे बघ!” नाटकात कोळी झालेली साया दातओठ खात पुटपुटली. “वेडी आहेस का? पुढे!”

माझ्या आतून बाईंचा आवाज आला, जिभेवर दगड ठेवल्यासारखा. “पुढचं... म्हण. काळं... दिसत नाही.”

वर्षभर पाठ केलेलं नाटकातलं पुढचं वाक्य इरोहाच्या ओठांवर होतं. ते तिने म्हटलं नाही. तिने माझी जाळी वर केली. बाईंच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती.

कोणीतरी पुन्हा टाळी वाजवली. “बाबा!” इरोहा किंचाळली. “हे नाटक नाहीये!”

बाबा शाळेने पाहुण्यांना दिलेल्या सपाता उडवत मंचावर धावले.

दवाखान्यात माझी डावी बाही कात्रीने कापली. मला दुखलं नाही. वेळेवर आणलं म्हणून बाई वाचल्या. इरोहा भेटायला गेली, तेव्हा बाई आपल्या डाव्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होत्या. “चिमटा घेतला तरी कळत नाही गं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “स्टूल राहिलं माझ्याकडून. लागलं का तुला?”

इरोहाने नाही म्हणून मान हलवली. तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. तिने मला उचललं आणि घरी नेलं.

मित्रांनो, मला सावलीत वाळवा, मी आणखी खूप वर्षं टिकेन. पण माझ्या आत कोण आहे, ते मधूनमधून बघत जा. नाटक चालू असलं तरी बघा. आतलं माणूस पुन्हा शिवता येत नाही.

घरी आईने माझी बाही जोडली. जेवताना इरोहाने मासा नुसताच चिवडला.

“वसंतात नाटक पुन्हा करणार आहेत म्हणे,” बाबा म्हणाले. “मुख्याध्यापकांचा फोन होता. राजकन्या तूच.”

“साया होईल राजकन्या. तिला सगळं पाठ आहे.” इरोहाने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि मला मांडीवर घेतलं. “आई, बाबा, मी ठरवलंय. मी हा घालणार.”

“अगं, मग तू दिसणारच नाहीस!” बाबा म्हणाले. “दुकान बंद ठेवून आम्ही बघायचं काय?”

“साया मागे न बघता बसेल ना, बाबा, तेव्हा ती पडणार नाही. तेवढं बघा.”