घारीनं नेलेली सात पिल्लं

मी तिरकी बघतेय म्हणून राग मानू नका. हा तोरा नाही, माझी मानच वाकडी आहे. कारंजा घाडग्याजवळच्या खेड्यातल्या देवकाबाईची कोंबडी बोलतेय मी. स्वभावानं भांडखोर, पण आज भांडायला आलेली नाही.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात गावात मानमोडी आली. तुमच्या लेखी तो कोंबड्यांचा एक रोग. आम्हाला विचारा! आधी नाक गळतं, मग घशात घरघर, चोच उघडी टाकून श्वास ओढायचा, हिरवी हगवण, आणि शेवटी मान पिळवटते. खुराड्यात आम्ही अकरा जणी होतो. आठवडाभरात मी एकटीच उरले. देवकाबाईचा नवरा तानबा म्हणाला, हिलाही कापून टाकू. पण देवकाबाईनं मला मांडीवर घेऊन थेंब थेंब पाणी पाजलं. मी जगले, मान तेवढी सरळ झाली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात रोग पुन्हा आला. शेजारच्या कोंबड्या पटापट गेल्या, मला साधी शिंकही आली नाही. झालं, देवकाबाई गावभर सांगत सुटली की हिचं रक्तच वेगळं! मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

श्रावणात मी सात पिल्लं काढली. ती गुलाबसाठी होती. गुलाब म्हणजे देवकाबाईची एकुलती लेक, हिंगणीला दिलेली. सासरी तिचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. चूल सासूची, गाय सासूची. कोंबड्या तरी लेकीच्या असाव्यात, एवढाच देवकाबाईचा बेत. गुलाब माहेरपणाला आली होती. पिल्लांना रोगाचं भय नाही, ती त्यांच्या आईवर गेलीत, हे देवकाबाईनं तिला दहादा सांगून ठेवलं होतं.

गुलाब निघायच्या आदल्या सकाळी जनावरांच्या दवाखान्यातले कृष्णकांत डॉक्टर थर्मासात बर्फ घालून लस घेऊन आले. टोचलं की पिल्लं दोन दिवस मलूल पडतात. लेकीला मलूल पिल्लं कशी द्यायची? देवकाबाईनं सातही पिल्लं चुलीमागे टोपल्याखाली झाकली. गुलाब तेव्हा विहिरीवर गेली होती.

डॉक्टरांनी विचारलं, हिची पिल्लं कुठं आहेत?

"घारीनं नेली," देवकाबाई म्हणाली.

डॉक्टर हळहळले. मला उचलून त्यांनी माझी मान चाचपली.

"हिला नाही टोचलं तरी चालेल. रोगाशी झुंजून हिच्या रक्तात ताकद आली आहे. पिल्लं असती तर मात्र टोचलीच असती. आईची ताकद अंड्यातून त्यांना मिळते, पण तीन-चार आठवड्यांत ती ओसरते. पुढे ज्याची त्याला कमवावी लागते."

पिल्लं दीड महिन्याची होती. देवकाबाईचा चेहरा उतरला. टोपलं उचलायला कितीसा वेळ लागतो? पण घारीनं नेलेली पिल्लं चुलीमागून कशी काढायची? दारात शेजारणी उभ्या होत्या. ती चहा मांडायला आत गेली. मी ओरडून ओरडून अंगण डोक्यावर घेतलं. डॉक्टर हसले, चहा प्याले आणि पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गुलाब पिल्लं घेऊन एसटीत बसायला निघाली. देवकाबाईनं टोपल्यावर फडकं घट्ट बांधून दिलं, डॉक्टरांचं बोलणं तेवढं सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी गुलाब आली ती सुकलेल्या तोंडानं. हिंगणीत मानमोडी येऊन गेली होती. त्याआधी लस टोचणारे आले, तेव्हा सासूनं, मनकर्णाबाईनं, आपल्या कोंबड्या टोचून घेतल्या. गुलाबनं मोठ्या ऐटीत सांगितलं की माझ्यांना गरज नाही. सासूच्या सगळ्या जगल्या. हिच्या सातही चार दिवसांत गेल्या. आता सासू येता-जाता म्हणते, हिच्या हाताला यशच नाही. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही, तेही त्याच हाताला चिकटवते.

देवकाबाई ज्वारी पाखडत होती. गुलाब तिच्याजवळ बसली.

"माय, खरं सांग. डॉक्टरनं तुले काई सांगतलं होतं का?"

सूप थांबलं नाही.

"नाई वो बाई. मले काऊन सांगन तो?"

"मंग माह्या हातालेच यश नाई," गुलाब म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते मानूनच टाकलं.

मी तिथंच दाणे टिपत होते. मला सगळं माहीत होतं आणि माझ्या चोचीतून नुसतं कुक् कुक् निघालं.

देवकाबाई वाईट नाही हो. मला जगवणारी तीच. पण हल्ली ती दाणे लांबूनच फेकते, माझ्याकडे बघत नाही. माझी अंडीही बंद झाली आहेत. कधीतरी पाहुणे येतील आणि माझी पाळी येईल. त्याचं मला फारसं दुःख नाही.

तुमच्यापैकी कुणी बोर धरण बघायला निघालात, तर वाटेत हिंगणीला उतरा. मनकर्णाबाईचं घर विचारा आणि तिच्या सुनेला बाजूला घेऊन सांगा, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुझ्या आईनं ऐकलं होतं. बाई गं, तुझ्या हातात काही खोट नाही.