डाव्या दंडावरची खूण

लसीचा डबा टेबलावर आला तसा विमलताईंनी उजवा हात एप्रनच्या खिशात घातला.

"समीक्षा, आज तूच दे," त्या म्हणाल्या.

हे त्या दर मंगळवारी म्हणत. त्यात 'आज' हा शब्द न चुकता असे, जणू पुढच्या मंगळवारपासून त्या स्वतःच सुई हातात घेणार होत्या.

समीक्षाने सिरिंज उचलली. समोर एक बाई बाळाचा डावा दंड उघडा करून बसली होती. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, देणं हे सगळ्यांत नाजूक काम. सुई कातडीच्या खाली गेली तर चुकली, वर राहिली तर लस सांडली. ती कातडीच्या आतच, आडवी सरकली पाहिजे आणि मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा वर आला पाहिजे. समीक्षाच्या बोटांखाली तो अलगद आला. बाळ जरा विचार करून मग रडलं.

"पाह्य बाप्पा, लेकराले समजलंबी नाही," बाई म्हणाली. "हात लय हलका आहे पोट्टीचा."

"हात कोणाचा आहे तो?" समीक्षा कापूस दाबत म्हणाली. "ताईचाच आहे. मी फक्त लावून राह्यली."

विमलताई हसल्या. खिशातला हात मात्र हसत नव्हता. तो आपला आपण थरथरत होता.

आंजनखेडच्या उपकेंद्रात विमलताई आल्या तेव्हा इमारतीला दारं नव्हती. मग दारं आली, रंग आला, दाराबाहेरची पाटी दोनदा बदलली. नवरा गेला, मुलगा पुण्याकडे नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. विमलताई मात्र त्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. बाबासाहेबांचा फोटो, एक पलंग, अंगणात तुळशीऐवजी कोरफड. गावातल्या विशीतल्या कुठल्याही पोराने बाही वर केली की डाव्या दंडावर छोटी पांढरी खूण दिसायची, ती विमलताईंच्या हातची. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीही ती खूण घेऊन गेल्या होत्या.

थरथर सुरू झाली ती करोनाच्या लसी देऊन झाल्यावर. आधी वाटलं, थकवा असेल. यवतमाळच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, विश्रांती घ्या म्हणाला, आणि हे जायचं नाही हेही सांगितलं. मांडीतली सुई अजून जमायची, डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं की. बीसीजी मात्र जमेना. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. ही गोष्ट वर कळली तर वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागणार, आणि मंडळ 'कामास अयोग्य' लिहील हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास बाभुळगावची समीक्षा कंत्राटावर दुसरी सिस्टर म्हणून आली. पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं. काही विचारलं नाही. फक्त विमलताईंच्या हातून सिरिंज काढून घेतली आणि म्हणाली, "मले द्या ताई. मले शिकाचं आहे." तेव्हापासून ती शिकतच होती. तिला सगळं येत होतं, तरीही शिकत होती.

त्या मंगळवारी दुपारी मोठ्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर पियूष मोटारसायकलवरून आले. वय तिशीच्या आत, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल.

"ताई, परवा पाहुणे येणार आहेत. मुंबईहून. प्राथमिक आरोग्य सेवा कशी सुधारायची याचा सरकारला सल्ला देतात ते लोक. त्यांनी आपलं उपकेंद्र निवडलंय."

"कायले निवडलं?" विमलताईंनी विचारलं.

"चांगलं आहे म्हणून. घाबरू नका, तपासणी नाहीये."

"सर, गाडीतून उतरल्याबरोबर जो कोपऱ्यातलं जाळं पायते, त्याले आमी तपासणीच म्हणतो," विमलताई म्हणाल्या.

"अहो, खरंच नाही. फक्त बोलायचंय त्यांना."

"बोलणं त त्याहून वाईट," समीक्षा म्हणाली. डॉक्टर पियूष हसले, पण विमलताई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या एक धडा शिकल्या होत्या. जे कमी आहे म्हणून सांगावं, ते आपलीच कमतरता म्हणून लिहिलं जातं. शेजारच्या गावच्या सिस्टरने एकदा फ्रीज बंद आहे असं मोठ्या साहेबाला तोंडावर सांगितलं होतं. फ्रीज आला नाही, नोटीस आली.

दोन दिवस झाडलोट झाली. आशा कार्यकर्ती पंचफुला शेणाने अंगण सारवायला निघाली, तिला समीक्षाने थांबवलं. "मावशी, दवाखाना आहे हा, मांडव नोहे." पंचफुलाने मग घरून दोन खुर्च्या आणल्या. विमलताईंनी खाटेवर नवी चादर घातली, ती घालतानाही कोपरे समीक्षाने ओढले.

पाहुणे म्हणजे एकच बाई निघाल्या. डॉक्टर केतकी. चाळिशी ओलांडलेल्या, पायांत साध्या चपला, त्याही त्यांनी दाराबाहेर काढल्या. कोपऱ्यातल्या जाळ्याकडे पाहिलं नाही. व्हरांड्यात बसलेल्या बायकांजवळ जमिनीवर बसल्या. सातवा महिना चालू असलेली पायल नावाची गरोदर पोर त्यांच्याशी बोलत होती.

"इथे येता की थेट राळेगावच्या रुग्णालयात जाता?" डॉक्टर केतकींनी विचारलं.

"पयले इथं," पायल म्हणाली. "माह्या आईची डिलिव्हरी इथंच झालती. ताईनंच केलती. हे पाहा." तिने बाही सरकवून दंडावरची खूण दाखवली. "हेबी ताईचंच."

बायका हसल्या. एकीने आपलीही दाखवली. डॉक्टर केतकींनी मान वळवून विमलताईंकडे पाहिलं. त्या नजरेत आदर होता, आणि तो पाहून विमलताईंचा खिशातला हात आणखी आत गेला.

चहा समीक्षाने केला आणि तिनेच दिला. कपाट तिने उघडलं, लसीचा डबा तिने दाखवला, रक्तदाबाचं यंत्र तिने लावलं. विमलताई खुर्चीवर बसून एकेका गोष्टीची माहिती सांगत होत्या, आणि माहिती इतकी बिनचूक होती की डॉक्टर पियूष मध्ये बोललेच नाहीत. पाहणाऱ्याला चित्र स्पष्ट दिसत होतं. केंद्र चालवणारी एक अनुभवी बाई, आणि तिच्या हाताखाली वस्तू उचलून देणारी एक हुशार मुलगी.

पायलच्या शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर लस राहून गेलेलं बाळ होतं. त्यासाठी डॉक्टर पियूष सोबत डबा घेऊन आले होते.

"मी पाहू शकते?" डॉक्टर केतकी म्हणाल्या. "विमलताई, तुमचा हात पाहायचाय मला. सगळं गाव त्याबद्दल बोलतंय."

समीक्षा आधीच हात धुवायला गेली होती, ती बादलीतून तांब्याने पाणी घेत तिथूनच म्हणाली, "मॅडम, माहा हात पाहा ना. ताईनं शिकवलेला. पोरगी पास का नापास, तुमी सांगा."

सगळे हसले. समीक्षाने सुई दिली. फुगवटा आला, गोल, मोजून दिल्यासारखा. डॉक्टर केतकी वाकून पाहत होत्या.

"पास," त्या म्हणाल्या. "उत्तम पास."

निघण्यापूर्वी त्यांनी विमलताईंना अंगणात बाजूला घेतलं. कोरफडीजवळ दोघी उभ्या राहिल्या.

"विमलताई, मी तपासायला आलेली नाही. तुम्ही कमी काय आहे ते सांगितलंत, तर मी वर मांडू शकते. नाही सांगितलंत, तर मला दिसलं तेवढंच लिहावं लागेल."

विमलताईंनी मान हलवली. ही बाई खोटं बोलत नव्हती, ते त्यांना कळलं. तोंडापर्यंत शब्द आला. मग त्यांना ती नोटीस आठवली आणि मंडळाच्या दारापुढचा तो बाक आठवला, जिथे माणसं फाइल मांडीवर घेऊन बसतात.

"काही कमी नाही जी. फक्त पाण्याची मोटार जळाली. बादलीनं पाणी भरावं लागते."

"मोटार. बरं." डॉक्टर केतकींनी व्हरांड्याकडे पाहिलं. "ही समीक्षा. तुम्ही तिला फार चांगलं तयार केलंय. माझा प्रश्न असा आहे की आता ती एकटी एखादं केंद्र सांभाळू शकेल का?"

"शकंल ना. कुठंबी."

"आणि तिच्याशिवाय तुमचं चालेल?"

व्हरांड्यातून समीक्षा इकडेच पाहत होती. तिच्या हातात रिकामा कप होता आणि तो तिने उगाच धरून ठेवला होता.

"चालंल," विमलताई म्हणाल्या. "इतके वर्ष चाललंच ना."

रात्री जेवताना समीक्षाने विचारलं, "काय म्हणे मॅडम?"

"मोटार भेटंल म्हणे."

"आन् काई?"

"तुही तारीफ करून राह्यली होती."

समीक्षा बराच वेळ भात कालवत राहिली. "ताई, तारीफ झाली का माणसाची बदली होते. माह्या बापाची अशीच झालती." मग स्वतःच हसून म्हणाली, "जाऊ द्या. मोटार त येऊन राह्यली."

मोटार तीन महिन्यांनी, होळीच्या आधी आली. निळ्या रंगाची, नवी कोरी. फिटर बसवून गेला आणि नळाला असं जोरात पाणी आलं की पंचफुलाची साडी भिजली. समीक्षाचा आदेश त्याच आठवड्यात आला. वणीच्या बाजूला, राजूरजवळच्या एका गावात. तिथे कोळशाच्या धुळीत खोकणारी माणसं पुष्कळ आणि सिस्टर कित्येक दिवस नव्हती. ज्या उपकेंद्रात काम एका सिस्टरवर उत्तम चालतं, तिथली तयार झालेली दुसरी सिस्टर रिकाम्या जागी द्यावी, असा डॉक्टर केतकींच्या अहवालात सल्ला होता. सरकारने तो मानला होता. सरकार सल्ला मानत नाही, असं लोक म्हणतात. या वेळी शब्दशः मानला.

राजूरकडच्या बायकांना सिस्टर मिळाली यात वाईट काय होतं, ते विमलताईंना शोधूनही सापडेना.

समीक्षा निघाली त्या सकाळी एसटी उशिरा आली. बॅग, गादीची वळकटी, एक छोटा कुकर. विमलताईंनी पिशवीत तिळाची चटणी दिली.

"मी सांगू का सरले?" समीक्षा हळूच म्हणाली. "आताबी सांगता येते."

"काय सांगशील?"

समीक्षाने त्यांचा उजवा हात खिशातून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. धरल्यावर तो थोडा शांत झाला.

"हेच."

"नको," विमलताई म्हणाल्या. "तू जाय. तिथं कोणी वाट पाहून राह्यलं असंल."

बस वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या थांब्यावर उभ्या होत्या. कापूस वेचून झालेल्या शेतात पऱ्हाटी उपटायचं काम चालू होतं.

पुढच्या मंगळवारी पायल बाळ घेऊन आली. बाळंतपण राळेगावला झालं होतं, त्या दिवशी बीसीजी राहून गेली होती. मुलगी होती, डोक्यावर दाट जावळ. पायलने मोठ्या हौसेने बाळाची डावी बाही वर केली.

"ताई, तुमच्याच हातची पाह्यजे मले. सासू म्हणे तिकडंच टोचून घे. मी म्हणलं, नाही."

विमलताईंनी हात धुतले. लस भरली. भरतानाच अंगठा दांड्यावरून दोनदा घसरला. डाव्या हाताने बाळाच्या दंडाची कातडी ताणली, सुई जवळ नेली. सुईचं टोक हवेत लहान लहान गोल काढत होतं. पंचफुलाने ते पाहिलं आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे तोंड वळवलं. बाळ डोळे उघडून टक लावून पाहत होतं.

विमलताईंनी सुई मागे घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"काहून, ताई?"

"माहा हात चालत नाही, पायल."

"आज बरं नाही का? मी उद्या येतो मग."

"उद्याबी नाही चालणार," विमलताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "पंचफुला येईल तुह्यासंग. बाराच्या एसटीनं मोठ्या केंद्रात जाय. तिथली सिस्टर देईल. उपाशी नको ठेवू लेकराले."

पायलने बाळाची बाही खाली केली, नीट, सुरकुती न पडू देता. उठताना तिची स्वतःची बाही वर सरकली आणि दंडावरची जुनी पांढरी खूण दिसली. विमलताईंनी डाव्या हाताचं बोट त्या खुणेवर क्षणभर टेकवलं.

त्या गेल्यावर विमलताईंनी डॉक्टर पियूष यांना फोन लावला.

"सर, मंगळवारी दुसरी सिस्टर पाठवत जा. बीसीजी माह्यानं होत नाही. दोन वर्षं झाले, समीक्षाच देत होती."

"ताई, अहो, त्या दिवशी का नाही सांगितलं? त्या अहवालात तर आपलं उपकेंद्र नमुना म्हणून आलंय. एका सिस्टरवर कसं चालतं त्याचा नमुना. बाकीच्या तालुक्यांतही आता तसंच करणार आहेत."

"मंडळाचे कागद पाठवा, सर," विमलताई म्हणाल्या. "मी यवतमाळले जाऊन येतो."

फोन ठेवून त्यांनी ट्रे आवरला. उघडलेली बाटली बाजूला ठेवली. मग नळाशी जाऊन तोटी पूर्ण सोडली. नव्या मोटारीचं पाणी जोरात पडत होतं. दोन्ही हात त्यांनी धारेखाली धरले, आणि पुष्कळ वेळ तसेच धरून ठेवले. त्या पाण्यात हात थरथरतो आहे की धार, ते कळत नव्हतं.