शेवटच्या चारीचे तास

हमिदाचं माहेर कालव्याच्या पार शेपटाला. वरची गावं पिऊन उरलं तर पाणी तिथं पोचायचं, नाहीतर शेतांकडं जाणाऱ्या चारीत नुसती भेगाळलेली माती. यंदा, बहात्तरच्या दुष्काळात, पाणी शेवटच्या चारीपासून सोडत वर यायचं ठरलं, तेव्हा तिच्या बापानं, रज्जाकनं, त्या एका पाळीच्या भरवशावर गुरांसाठी कडवळ पेरलं. ते आता वीतभर होऊन पिवळं पडायला लागलं होतं.

आणि आज यंत्रानं छापलेल्या यादीत तेविसाव्या, म्हणजे शेवटच्या चारीपुढं आलं शून्य.

राहुरीजवळच्या पाटबंधारे केंद्रात ते गणकयंत्र सहा महिन्यांच्या बोलीवर आलं होतं. कपाटाएवढं धूड, शेजारी खडखडणारा टेलिप्रिंटर. प्रत्येक चारीखाली किती एकर आहे ते सांगायचं, की ते आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास त्या मापानं वाटून द्यायचं. कागदी पट्टीवर भोकं पाडून एकरांचे आकडे उतरवायचं काम हमिदाचं. यादी पाच वाजता जीपनं जायची होती. उद्या सकाळी कालव्याची दारं उघडणार.

"यंत्र चुकत नसतं, हमिदाबाई," आप्पासाहेब म्हणाले. केंद्राचे इंजिनियर ते. "बेरीज बघा. एकशे अडुसष्टला एकशे अडुसष्ट."

"बेरीज बरोबर आहे साहेब. पण शून्य तास पाणी म्हणजे पाणीच नाही."

"तुमचं माहेर त्याच चारीवर ना?"

कारकून मच्छिंद्र फायलीतून मान वर न काढता म्हणाला, "लेकीनं बापाकडं कालवा वळवला, असं व्हायचं बरं का."

"वळवायचा असता तर शून्य कशाला येऊ दिलं असतं, मच्छिंद्रभाऊ? पट्टी माझ्याच हातची आहे."

आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिलं. प्रोग्राम लिहिणारा माणूस पुण्याला, आणि ट्रंककॉल सकाळपासून लागत नव्हता. "चार वाजेपर्यंत बघा. नाही सापडलं तर यादी आहे तशी जाईल."

म्हणजे तीन तास. त्यातला पहिला पाव तास तरी तिचा नव्हता. व्हरांड्यात सासू, मुबारकबी, सहा महिन्यांच्या जैतूनला कडेवर घेऊन उभी होती. रोज एकच्या ठोक्याला ती यायची. हमिदा भिंतीकडं तोंड करून बसली, पोरीला पदराखाली घेतलं. पोरीनं तिचं बोट मुठीत आवळलं, भोकं पाडून पाडून खरखरीत झालेलं.

"तोंड का असं?" मुबारकबीनं विचारलं.

"अब्बांच्या चारीला शून्य आलंय."

"मग बसलीस काय? पोर पिऊन झाली की जा आत. मी थांबते इथंच. रडली तर खिडकीतून दाखवीन तुला."

पुण्याच्या माणसानं जाताना एक दुसरी पट्टी दिली होती, चूक शोधायची. ती यंत्रात भरली, की चालत्या प्रोग्रामला हव्या त्या जागी थांबवता यायचं. यंत्राच्या पोटात आकडे नंबरवार खणांत साठायचे. प्रोग्राम थांबला, की टेलिप्रिंटरवर खणाचा नंबर टाइप करून तिरपी रेघ मारायची. त्या खणात काय आहे ते यंत्र छापायचं. मग पुढं चाल म्हणायचं. केंद्रात त्या पट्टीला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. हमिदानं लावला होता. जेवणाच्या सुट्टीत, भाकरी एका हातात धरून, ती यंत्राला काहीबाही विचारत बसायची. यंत्र दहाच्या मोजणीनं बोलत नसे, आठाच्या बोले. तेही तिनं बोटांवर पाठ केलं होतं.

तिनं आधी भागाकारावर संशय घेतला. प्रोग्राम तिथंच थांबवला आणि एकेक चारी पुढं सोडत गेली. वीस, एकवीस, बावीस. भागाकार चोख. तेविसाव्या वेळी थांबून एकरांचा खण विचारला. खडखड झाली. शून्य.

ती मागं रेलली. भागाकार बिचारा काय करील? शून्य एकरांना शून्यच तास. खोट वाटपात नव्हती, यंत्राच्या पोटात जे गेलं त्यात होती.

मग ती उलटी, अगदी पहिल्या खणाकडं गेली. तिरपी रेघ. यंत्रानं छापलं एक्कावन्न. आठ पंचे चाळीस आणि एक. एक्केचाळीस एकर.

तेवढ्यात दारात काठी वाजली. पाटकरी गहिनीनाथ पाचच्या जीपनं यादी न्यायला आला होता. तीस वर्षं कालव्यावर पाणी सोडलेला माणूस. पट्टी ज्यावरून पाडली ते चाऱ्यांचं रजिस्टर त्याच्याच अक्षरातलं.

"गहिनीनाथकाका, पहिल्या चारीखाली किती एकर?"

"बासष्ट."

"आणि दुसरीखाली?"

"एक्केचाळीस. का गं पोरी?"

हमिदानं छापलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. पहिल्या खणात दुसरी चारी बसली होती. म्हणजे दुसरीत तिसरी, तिसरीत चौथी, सगळी गावं एकेक पाट पुढं सरकलेली, आणि शेवटचा पाट रिकामा.

"रजिस्टर आहे का संगं?"

त्यानं पिशवीतून काढलं. पहिल्याच ओळीत, नंबराच्या जागी, त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: लाभ. खाली दोन, तीन, चार.

"हे काय?" आप्पासाहेब वाकून बघू लागले.

"आता साहेब, पहिल्याला एक कोन म्हनतं?" गहिनीनाथ म्हणाला. "खळ्यावर धान्य मोजताना पयलं माप लाभ. मग दोन. पानी काय धान्याहून हलकं हाय व्हय?"

पट्टी पाडताना नेम ठरलेला होता: नंबर नसलेली ओळ म्हणजे मथळा, ती सोडायची. हमिदानं सोडली होती. माहेरच्या खळ्यावर बापाचं माप ऐकत ती वाढली. तो लाभच्या जागी बरकत म्हणायचा, एवढाच फरक. तरी ओळ सोडली.

"चूक माझी आहे साहेब," ती म्हणाली. "हात वाचत होते, मी नव्हते."

मच्छिंद्रनं या वेळी मान वर काढली.

तिनं पट्टी पहिल्यापासून पाडली, बासष्टपासून. खिडकीत मुबारकबीनं जैतूनला उंच धरलं होतं. रडत नव्हती, नुसती टकामका बघत होती. पावणेचारला यंत्र चालू झालं. हमिदा ओळी मोजत उभी राहिली. तेवीस आली. चौपन्न एकर. नऊ तास.

आप्पासाहेबांनी यादी दोनदा वाचली, मग खिशातलं पेन काढून सही केली. "ती चूक शोधायची पट्टी," ते म्हणाले, "उद्यापासून मलाही शिकवा. तुमच्या सवडीनं."

"माझी सवड एक ते दोन," हमिदा म्हणाली. "त्यातला पाव तास जैतूनचा."

गहिनीनाथ रजिस्टर घेऊन लाभ खोडायला निघाला होता. तिनं त्याचा हात धरला. "खोडू नका, काका. शेजारी बारीक एक लिहा. दोघं नांदतील."

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, आणि दारातच बसकण मारली.

"तुजा बाप लई हट्टी हाय. घड्याळ घिऊन बांधावर बसला हुता. तास मोजत. मी म्हनलं, यादी हाय की, नऊ हायती. म्हनला, माज्या लेकीनं काढलेले हायती, मीच मोजनार."

"आणि पहिल्या तासाला काय म्हणाले?"

"आता ते मला इचारतीस?"

हमिदा हसली. टेलिप्रिंटरपुढं बसून तिनं बोटं मोडली, आणि नवी पट्टी पाडायला घेताना, पहिल्या भोकाला, ओठातल्या ओठात म्हणाली, "बरकत."