चौथ्या घराचं पाणी

बाबांची चार घरं एकाच उतारावर आहेत. तांब्याची खाण चालू होती तेव्हा कंपनीने कामगारांसाठी बांधलेली, सगळी एका साच्याची. तीन भाड्याने जातात, चौथ्यात बाबा एकटे राहायचे. जुलैत ते अंगणात पडले आणि खुबा मोडला. तेव्हापासून ते पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात आहेत आणि घरांची हिवाळ्याची कामं माझ्याकडे आली आहेत.

भाडेकरू असलेल्या घरांचं काम सरळ असतं. घर तापवणाऱ्या भट्टीची हवा गाळायची जाळी बदलायची, अंगणातल्या नळांचे पाइप सोडवून आत आणायचे, खिडक्यांना आतून प्लास्टिक ताणून लावायचं. दुसऱ्या घरात कॉलेजची पोरं राहतात. त्यांना बजावायचं की नाताळात गावी जाल तेव्हा भट्टी बंद करून जाऊ नका. ती हो म्हणतात. तरी नाताळात मी जाऊन बघणारच.

रिकाम्या घराचं तसं नसतं. त्यातलं सगळं पाणी काढावं लागतं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात, आणि जिथे थेंब अडकून राहतो त्या वाकड्या नळ्यांमध्ये न गोठणारं गुलाबी औषध ओतावं लागतं. एकदा ते ओतलं की बर्फ वितळेपर्यंत त्या घरात कोणी राहायला येत नाही.

बाबांनी जन्मभर हेच केलं. म्हणून दर रविवारी मी गेले की ते आधी विचारायचे, "माझ्या घराचं पाणी चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग ठीक."

डॉक्टर म्हणाले होते, पायऱ्या चढता आल्या तर घरी सोडू. ऑक्टोबरात त्यांना सरावाच्या लाकडी पायऱ्यांवर उभं केलं. पहिली चढले. दुसरीवर कठडा धरून उभे राहिले, नर्सने खुर्ची आणेपर्यंत. बहिणीने फोनवर विचारलं, "रिकामं घर कुठवर तापवायचं, मार्लिस? मे महिन्यात भाड्याने देऊन टाकू." मी हो म्हटलं. म्हणताना काही वाटलं नाही. बाबांना कोणीच काही सांगितलं नाही.

शनिवारी डेल ट्रेगनिंग पाइपांतलं पाणी फुंकून काढायचं हवेचं यंत्र घेऊन बाबांच्या घरी आला. त्याचे कॉर्निश पूर्वज खाणीत काम करायला समुद्रापलीकडून आलेले; बाबांबरोबर त्याने खूप वर्षं काम केलंय.

"तुझ्या म्हाताऱ्याने मला या घरातल्या पाण्याच्या चावीला कधी बोट लावू दिलं नाही," तो तळघरात वाकून म्हणाला. "म्हणायचा, कॉर्निश माणसाने मटणाच्या करंज्या भाजाव्यात, पाइपांच्या वाटेला जाऊ नये."

"आता लाव बोट."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"कधी सांगणार?"

"उद्या."

डेलने चावी फिरवून पाणी बंद केलं. "बरं. वरचे नळ उघड जा."

मी नळ उघडले. त्याने हवा सोडली. प्रत्येक नळ खोकला, थुंकला आणि गप्प झाला. गरम पाण्याची टाकी रबरी नळीने उतारावर रिकामी केली. कमोडमधलं उरलेलं पाणी मी स्पंजने टिपलं. मग एकेका भोकात गुलाबी औषध ओतलं. शेवटी भट्टी बंद केली. डेलने टोपी घातली आणि आम्ही निघालो.

रविवारी बाबांसाठी वेलची घातलेला गोड पाव नेला. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि त्यांची नजर माझ्या बाहीवर थांबली.

"हे काय?"

"सांडलं."

"गुलाबी आहे."

"हो."

ज्या घरात माणसं राहतात तिथे गुलाबी ओतत नाहीत, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पाणी चालू आहे का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. घास पुरता चावून झाला.

"टाकी रिकामी करायच्या आधी गॅस बंद केलास?"

"केला."

"कपड्यांच्या मशीनमध्ये ओतलं?"

"ओतलं. थोडं फिरवलं पण."

"हवा कोणी मारली?"

"डेलने."

"मारणारच. तोंडाची वाफ दवडण्यात कुठे हार जातोय तो." त्यांनी दुसरा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "सौनाची टाकी?"

तळघरात सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली आहे. तिच्या शेगडीला पाण्याची लोखंडी टाकी जोडलेली आहे. ती पाइपावर नाही, बादलीने भरावी लागते. आमच्याकडे शनिवारी जो सगळ्यांत शेवटी न्हातो, तो पुढच्या माणसासाठी टाकी भरून बाहेर पडतो. बाबा एकटे राहायला लागले तरी भरायचे.

"काठोकाठ आहे," ते म्हणाले. "मीच भरली होती. पडलो त्याच्या आदल्या रात्री."

"विसरले."

"बुधवारपासून कडाका आहे. तळ फुटला तर नवी मिळत नाही."

"जाते संध्याकाळी."

"आत्ताच जा. पाव राहू दे इथे."

मी गेले. टाकीवर झाकण होतं. आतलं पाणी स्वच्छ होतं, गार पडलेलं. टाकीला खाली तोटी नाही. ओघराळ्याने उपसून उपसून मोरीत टाकलं, तळाचं जुन्या टॉवेलने टिपलं आणि मोरीतही गुलाबी ओतलं. झाकण मी उघडंच ठेवलं, म्हणजे गंज धरत नाही. मग तिथल्याच बाकावर बसून फोन लावला.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"तळ पुसलास?"

"पुसला."

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"माझ्याकडची घराची किल्ली घेऊन जा पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "इथल्या खणात आहे. भाडेकरूला दोन द्याव्या लागतात."